अस्तित्ववाद आणि ईयोबाचे मित्र

अस्तित्ववाद हा शब्द आपल्या प्रवचनांत आणि व्याख्यानमालांत बहुधा एखाद्या रोगाच्या नावासारखा उच्चारला जातो. तरुण मिस्सेला येईनासे झाले, की भोगवाद, मोबाइल आणि अस्तित्ववाद ही तीन नावे एका दमात घेतली जातात. सार्त्र नास्तिक होता, म्हणून अस्तित्ववाद नास्तिक. इतक्या स्वस्त न्यायाने खटला निकालात निघतो. हा केवळ पंडितांचा वाद असता तर मी गप्प बसलो असतो. परंतु त्याची किंमत उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील आपल्या घरांतली मुले मोजत आहेत, म्हणून लिहिणे भाग आहे.

प्रथम वंशावळ पाहू. या विचाराचा आद्य पुरुष किर्केगार्ड (१८१३-१८५५) श्रद्धावंत ख्रिस्ती होता. त्याचे भांडण देवाशी नव्हते. ते होते डेन्मार्कमधल्या त्या सुखवस्तू धर्माशी, जिथे बाप्तिस्म्याची नोंद झाली की माणूस आपोआप ख्रिस्ती ठरत असे. गाब्रिएल मार्सेलने १९२९ साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. खुद्द सार्त्रने १९४५ च्या पॅरिसमधील व्याख्यानात अस्तित्ववाद्यांचे दोन पक्ष सांगितले. त्यांतला एक ख्रिस्ती, आणि त्यात त्याने मार्सेलचे नाव घेतले. विरोधकाने प्रामाणिकपणे नोंदवलेला हा भेद आपण मात्र सोयीने विसरलो.

ख्रिस्तसभेने या विचारावर टीका केली, हे खरे. १९४८ साली सार्त्रचे ग्रंथ निषिद्ध सूचीत गेले आणि १९५० साली पोप बारावे पायस यांनी ‘हुमानी जेनेरिस’ या परिपत्रकात अस्तित्ववादाला दोष दिला. माणसाला मुळात काही स्वभावच नाही, तो केवळ आपल्या निवडीतून स्वतःला घडवतो, ही भूमिका सृष्टिकर्त्यावरील श्रद्धेशी जुळत नाही. मलाही ती पटत नाही. मार्सेलनेही ते बिरूद पुढे टाकून दिले. पण गोष्ट तिथे संपत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये आधुनिक जगाविषयीचा दस्तऐवज संमत केला. माणसांच्या आनंदाइतकीच त्यांची दुःखे आणि चिंता आपली मानून तो आरंभ करतो, आणि नास्तिकतेच्या जन्मात श्रद्धावंतांचाही वाटा असू शकतो असे स्वच्छ सांगतो. निषिद्ध ग्रंथांची सूचीही १९६६ साली इतिहासजमा झाली. आपली व्याख्याने तेवढी अजून १९५० मध्येच उभी आहेत.

साहित्याची गोष्ट घ्या. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ला (१९६३) समीक्षकांनी अस्तित्ववादी म्हटले, आणि आपल्याकडील काही सज्जनांनी तेवढ्यावरच ती मुलांच्या हाती न देण्याचे ठरवले. पुण्याला शिकायला गेलेल्या पांडुरंग सांगवीकराची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने मरते. ती पाने वाचून ज्याला ईयोब आठवत नाही, त्याने ईयोब वाचलेलाच नाही. पुढे मराठीत निराशेची फॅशन झाली, नोकरी आणि फ्लॅट सांभाळून वैफल्य लिहिणारे निपजले, हेही मान्य. पण नकली नाण्यांमुळे खरे नाणे खोटे ठरत नाही.

आणि उल्हासनगरात राहणाऱ्याने तरी याला पॅरिसचे खूळ म्हणू नये. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊन पडले. १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. नावात उल्हास, आणि माणसे घर, नदी, शेजार सारे गमावलेली. आजही येथील पत्त्यांत कॅम्प आणि बराक क्रमांक असतो. लाल पुष्प यांच्या ज्या सिंधी कादंबरीला १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तिच्या नावाचा अर्थच ‘त्याच्या आत्म्याचा मृत्यू’ असा होतो. शेजारच्या भाषेतील हे दुःख आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले?

पहिल्या महायुद्धात मार्सेल रेडक्रॉसच्या बेपत्ता सैनिकांविषयीच्या चौकशी कचेरीत काम करीत होता. त्याच्या हाती सैनिकाचे कार्ड असे, आणि समोर त्या सैनिकाची आई. कार्डावरचा माणूस आणि आईचा माणूस एक नव्हे, हे तो तिथे शिकला. त्याचे सारे तत्त्वज्ञान या टेबलापाशी सुरू होते. आपल्या धर्मग्रामांतही कार्डे चोख असतात: बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तशरीर, दृढीकरण. मात्र बारावीत नापास झालेला, किंवा नोकरी सुटल्यावर रोज डबा घेऊन लोकलने निघणारा आणि घरी काहीच न सांगणारा मुलगा “जगण्यात अर्थ वाटत नाही” म्हणाला, की आपले उत्तर तयार असते: श्रद्धा कमी पडते, नोव्हेना कर. हे ईयोबाच्या मित्रांचे उत्तर आहे. त्या मित्रांचे धर्मशास्त्र निर्दोष भासत होते, पण ग्रंथाच्या अखेरीस देवाचा कोप त्यांच्यावर झाला, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. आणि क्रुसावर खुद्द प्रभूने बाविसाव्या स्तोत्रातला त्यागलेपणाचा टाहो फोडला, तेव्हा त्याचीही श्रद्धा कमी पडली असे आपण म्हणणार काय?

मानसशास्त्राने हा टाहो ऐकला. ऑश्विट्झसह चार छळछावण्यांतून वाचलेल्या व्हिक्टर फ्रँकलने (१९०५-१९९७) उपचारपद्धती उभारली ती याच प्रश्नावर. जीवनाचा अर्थ गोळीसारखा देता येत नाही. तो ज्याचा त्यालाच शोधावा लागतो, आणि वैद्याने त्या शोधात सोबत करायची असते, असे त्याचे मत होते. सकारात्मक विचारांची शिबिरे भरवणाऱ्या आपल्या मंडळांनी फ्रँकल वाचावा. नोव्हेनेच्या वेळापत्रकाशेजारी सूचनाफलकावर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही लावावा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. प्रार्थनेचा त्याने काही अपमान होत नाही.

अखेर दफनभूमीतल्या कुजबुजीविषयी. ज्या घरातल्या मुलाने स्वतःचा जीव घेतला, त्या घराकडे आपण कसे पाहतो हे सर्वांना ठाऊक आहे. जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारणारा १९१७ च्या संहितेतील नियम १९८३ च्या संहितेत उरला नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नका, असे सांगितले आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते असेही लिहिले. अशा मृत्यूची जबाबदारी कशामुळे कमी होते हे सांगताना त्याच्या २२८२ व्या परिच्छेदात गंभीर मनोविकारांपाठोपाठ आणखी एक शब्द येतो. मूळ फ्रेंच पाठात तो ‘आंग्वास’ असा आहे: जीव घुसमटवणारी व्याकुळता. अस्तित्ववाद्यांचा हा शब्द धर्मशिक्षणाच्या ग्रंथात बसला आहे, आणि आपण अजून त्याला दारातूनच परत पाठवतो आहोत.