दवाखान्यातून आजी बऱ्या होऊन आल्या, पण चालतात का? ज्येष्ठांच्या 'या' तपासण्या माहीत आहेत का?

७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळण्याची सोय २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातल्या श्रीपूरसारख्या गावातल्या आजी-आजोबांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण बिलाचा प्रश्न सुटला तरी दुसरा उरतोच. घरी आल्यावर त्यांना आपल्या हातानं जेवता, अंघोळ करता येईल का?

हे मोजता येतं का?

येतं. १९६५ पासून 'बार्थेल इंडेक्स' वापरात आहे. जेवण, अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, जिना चढणं अशा १० कामांना मिळून ० ते १०० गुण. मशीन लागत नाही, विचारून आणि बघून गुण देता येतात. भरती होताना आणि डिस्चार्जच्या वेळी असा दोनदा आकडा घेतला, की माणूस किती खचला ते कळतं.

आणि स्मरणशक्ती?

त्यासाठी १९७५ ची ३० गुणांची 'एमएमएसई' चाचणी प्रसिद्ध आहे. पण तीत वाक्य लिहायचं असतं, १०० मधून ७ वजा करत जायचं असतं. कधी शाळेत न गेलेल्या आजी डोकं शाबूत असूनही इथं नापास होऊ शकतात. म्हणून हरियाणातल्या बल्लभगडमध्ये संशोधकांनी निरक्षरांसाठी हिंदी चाचणी तयार केली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे असतात.

'म्हातारचळ' की आजार?

न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग किंवा ऑपरेशननंतर वयस्कर माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागतो. घरचे म्हणतात, वय झालं. पण हा 'डेलिरियम' असू शकतो. डिमेन्शिया हळूहळू वाढतो, डेलिरियम तासा-दिवसांत येतो आणि मूळ कारणावर वेळेत उपचार झाले तर बहुतेकदा ओसरतो. भरती होतानाची नोंदच नसेल, तर हा फरक ओळखणं अवघड जातं.

तुम्ही काय करू शकता?

भरती करतानाच डॉक्टरांना सांगा: आजारपणाआधी आजी स्वतः काय काय करत होत्या, माणसं ओळखत होत्या का, बोलण्यातला फरक कधीपासून आहे. डिस्चार्जआधी विचारा: आता त्यांना कोणत्या कामात मदत लागेल? ही माहिती घरच्यांइतकी दुसऱ्या कुणाकडेच नसते.