गिऱ्हाइकाचा पत्ता कुणाच्या वहीत?



अमेरिकेत नांगर विकणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी एक मासिक काढले. नाव 'द फरो', म्हणजे नांगराचे तास. सव्वाशे वर्षे उलटली, मासिक चालूच आहे. नांगर कुणी दरसाल घेत नाही. पण नवा घ्यायची वेळ आली की कुणाचे नाव आठवेल, हे कंपनीने तेव्हाच ओळखले.

आज बियाणेवाला, औषधवाला, ट्रॅक्टरवाला, सगळ्यांच्या वहीत आपला नंबर आहे. पेरणी तोंडावर आली की मोबाईल वाजतो. आणि आपल्या वहीत कोण आहे? जन्मभर कापूस पिकवला, तो कुठल्या सूतगिरणीत गेला हे आपल्याला ठाऊक नाही. ज्वारी अडत्याच्या काट्यावर घातली, पट्टी घेतली, गाडी फिरवली. भाकरी कुणी खाल्ली, ते अडत्याला विचारा! ज्याच्या वहीत गिऱ्हाइकाचा पत्ता, त्याच्या हातात भाव. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीने तर गिऱ्हाईक शोधायची सवयच मोडली. योजना गेली, खोड राहिली.

"माल चोख असला की गिऱ्हाईक घरी येते," असे म्हणणारे आपल्यातही आहेत. आम्ही विचारतो, किती आले? मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाचा कागद आपणहून बोलत नाही, सांगावे आपल्यालाच लागते.

२००२ च्या कायदादुरुस्तीने शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येते. अशी कंपनी जिनिंग करून गाठी बांधत असेल, तर तिने गिरण्यांना दर महिन्याला ईमेलने बातमीपत्र धाडावे. तिकीट लागत नाही, छपाई लागत नाही. गिरणीच्या मॅनेजरला आपली रडगाणी नकोत. त्याला हवी धाग्याची लांबी, ओल, कचरा, पहिली वेचणी वेगळी ठेवली का, आणि १७० किलोच्या किती गाठी कधी तयार होणार. ज्वारीवाल्यांनी हेच पीठगिरण्यांना आणि खानावळींना लिहावे.

मात्र आपल्याला जो जाच होतो तो दुसऱ्याला करू नका. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या एका विक्रेत्याने सुमारे ४०० जणांना न विचारता जाहिरातीची ईमेल पाठवली. तक्रारींचा पाऊस पडला. म्हणून आधी विचारा, मगच लिहा. नको म्हणेल त्याचे नाव त्याच दिवशी काढा. आणि कापूस पावसात भिजून पिवळा पडला, तर तेही लिहा. वाईट बातमी जो आपणहून सांगतो, त्याच्या चांगल्या बातमीवर विश्वास बसतो.

याने उद्याच भाव वाढेल का? नाही. ज्याच्या दारात सावकार उभा आहे, त्याला माल आजच विकावा लागेल. पत्राने त्याचे कर्ज फिटत नाही. पण ज्याच्याकडे दुसरे गिऱ्हाईक आहे, तोच काट्यावरून गाडी परत फिरवू शकतो. सौद्यातली ताकद म्हणतात ती हीच.

पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने घोषणा आणू नयेत. दहा गिऱ्हाइकांची नावे आणावीत, त्यांना विचारून.