वाट ठाऊक असते, पाऊल अडते

नवे वर्ष लागले की पुरवणीतले वार्षिक राशिभविष्य घरोघरी सर्वांत आधी उघडले जाते. त्यात हसण्यासारखे काही नाही. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे जाणण्याची ओढ कुणाला नसते? नगर जिल्ह्यातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती घरात मात्र वर्षअखेरीला निराळाच प्रश्न निघे. ३१ डिसेंबरच्या रात्री देवळात वॉचनाइटची उपासना असे. तिला निघण्यापूर्वी वडील आम्हा भावंडांना समोर बसवीत आणि विचारीत, "कुणाचं काही देणं राहिलंय का रे?"

हे देणे नेहमी पैशाचेच असे, असे नाही. एका वर्षी शेताच्या बांधावरून शेजारच्या आप्पांशी वडिलांचे बिनसले होते. सहा महिने बोलणे बंद. त्या रात्री आम्ही देवळाकडे निघालो आणि वडील कंदील घेऊन मध्येच आप्पांच्या वाटेला वळले. आप्पा काही ख्रिस्ती नव्हते. त्यांना वॉचनाइटचे काय? पण त्यांनी आत पाहून चहा टाकायला सांगितले. बांधाचा निकाल त्या रात्री लागला नाही. बोलणे मात्र सुरू झाले. आम्ही देवळात पोहोचलो तेव्हा निम्मी उपासना उरकली होती, आणि वडिलांना त्याची मुळीच खंत नव्हती.

त्यांनी हे मनाने काढलेले नव्हते. डोंगरावरील प्रवचनात येशूची शिकवण आहे, की वेदीपाशी असताना भावाचे आपल्याविषयी मन दुखावल्याचे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा. याच प्रवचनाने रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ओढून घेतले. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना वाट सापडली, पण तिची किंमत त्यांच्याइतकीच लक्ष्मीबाईंनीही मोजली. त्यांचा संसार उधळला, काही वर्षे ताटातूट झाली. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाचा कौल घेऊन. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला हे सांगायला नको. देव मार्ग दाखवतो म्हणजे सुखाची हमी देतो, असा समज ते पुस्तक वाचल्यावर टिकत नाही.

मेथडिस्ट पंथाचे जॉन वेस्ली यांनी १७५५ साली लंडनमध्ये देवाशी केलेला करार नव्याने करण्याची उपासना सुरू केली. पुढे ती नव्या वर्षाच्या पहिल्या रविवाराशी जोडली गेली. तिच्यात माणूस येणाऱ्या वर्षाविषयी काही विचारत नाही. काम मिळो वा न मिळो, भरलेले हात असोत वा रिकामे, मी तुझाच, एवढे कबूल करतो.

ऐकायला हे सोपे वाटते. मला ते जमले नव्हते, हे आज सांगतो.

मी बँकेत नवा अधिकारी होतो. त्या काळी बँकांचे हिशेबी वर्ष डिसेंबरअखेर संपे. मार्चअखेरची पद्धत १९८९ मध्ये आली. १९८५ च्या ३१ डिसेंबरला आमच्या शाखेचे ठेवींचे उद्दिष्ट थोडक्यात हुकत होते. त्यावर ठरलेला उपाय होता. एका मोठ्या खातेदाराच्या कर्जखात्यातून रक्कम उचलायची, त्याच्याच नावे ठेव दाखवायची आणि दोन जानेवारीला दोन्ही नोंदी उलटवायच्या. कागदावर सारे नियमात दिसे. व्हाउचरवर माझी सही हवी होती. मी सही केली, दोन तासांची रजा मागून वॉचनाइटला गेलो, आणि येत्या वर्षी मला मार्ग दाखव, म्हणून डोळे मिटून प्रार्थना केली.

डोळे मिटले तरी ते व्हाउचर दिसत होते. मार्ग मागायला आलो होतो खरा, पण तो दोन तासांपूर्वी टेबलावरच दिसला होता. वडिलांचा प्रश्न आठवला. बारा वाजले, लोक एकमेकांना सलाम करू लागले, आणि मला कुणाच्या नजरेला नजर देववेना.

पुढच्या वर्षी तसेच व्हाउचर पुन्हा आले. या खेपेला मी सही केली नाही. साहेब चिडले नाहीत, म्हणाले, "ठीक आहे, दुसरं कुणीतरी करेल." आणि दुसऱ्या कुणीतरी केलीही. एप्रिलात माझी बदली झाली. कारण मी विचारले नाही, कुणी सांगितलेही नाही. आकडा फुगायचा तो फुगलाच. त्या रात्री देवळात मात्र मला मान वर करून उभे राहता आले.

आता निवृत्तीनंतर लिहिणे हेच काम आहे, आणि पुढे काय होणार हे जाणण्याची ओढ वयानुसार कमी झालेली नाही. राशिभविष्य मीही चोरून वाचतो. पण ते वाचून झाल्यावर वडिलांचा प्रश्न स्वतःला विचारतो. वर्षभराचा रस्ता कुणालाच दिसत नाही. ज्याच्या दारात जायचे राहिले आहे, त्या घराची वाट मात्र आपल्याला पुरती ठाऊक असते. कंदील तेवढ्यापुरता पुरतो.