पैसे परत मिळतात का?



परवा मुरबाडला पुतण्याकडे गेलो होतो. वय चौतीस, दोन लेकरं, रोज मोटारसायकलने कल्याण गाठायचं आणि पुढे लोकल. नव्या विम्याचे कागद कौतुकाने दाखवत म्हणाला, "काका, वीस वर्षांनी सगळे पैसे बोनससकट परत!" हप्ता वर्षाला सव्वीस हजार, विमा ५ लाखांचा. मी विचारलं, "आणि उद्या तूच परत आला नाहीस तर?" सूनबाई चहाचा कप ठेवून आत निघून गेली. शुभ बोल रे नाऱ्या! तरीही मी म्हणतो, हाच प्रश्न आधी विचारायचा असतो.

म्हशाच्या जत्रेत बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. विम्याच्या अर्जावर मात्र न वाचता सही! आणि विचारतो काय, तर पैसे परत मिळतात का. एसटीतून सुखरूप उतरल्यावर तिकिटाचे पैसे परत मागतो का आपण?

मी तरी कुठला शहाणा? शाळेत असताना पगारातून कापली जाणारी पॉलिसी घेतली, २५ हजारांची. मुदत संपल्यावर पैसे मिळाले, पेढेही वाटले. मध्येच मी गेलो असतो तर तेवढ्यात हिने किती महिने काढले असते, हा हिशेब मी, गणिताच्या मास्तराने, कधीच मांडला नाही.

आता मांडतो. पुतण्याचा घरखर्च महिना २० हजार. त्याचा स्वतःचा वजा जाता १५. धाकटी चार वर्षांची. ती बावीसची होईपर्यंत १८ वर्षं. म्हणजे ३२ लाख ४० हजार. (महागाई वाढेल, पण हातातल्या रकमेवर व्याजही येईल. दोन्हींची फिटंफाट धरली.) घराचं कर्ज ९ लाख, शिक्षणाला ८ लाख. एकूण ४९ लाख ४० हजार. त्यातून शिल्लक आणि फंडाचे ४ लाख वजा. राहिले ४५ लाख ४० हजार. सुनेचं म्हातारपण यात धरलेलंच नाही, म्हणून किमान ५० लाख. पाच लाखांत तर कर्जसुद्धा फिटत नाही!

"सरकार देतं की," असं म्हणणारेही भेटतात. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे आपल्या शहापूर तालुक्यात सरलांब्याजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळला, वीस जण गेले. राज्य सरकारने ५ लाख आणि पंतप्रधान निधीतून २ लाख जाहीर झाले. सात लाख म्हणजे वरच्या हिशेबाने चार वर्षंही नाहीत. बँकेतला ४३६ रुपयांचा जीवनज्योती विमा जरूर घ्या, पण तो २ लाखांचाच. आणि "शेती आहे ना"? भाताचं एक पीक, सातबाऱ्यावर चुलत्यांसकट आठ नावं!

उत्पन्नाच्या दहापट विमा घ्या, असंही सांगतात. मला पटत नाही. ज्याच्यावर कोणी अवलंबून नाही त्याला कशाला? माझ्या मागे हिला पेन्शन आहे, मला आता एका रुपयाचाही नको. आपल्या घराचा खर्च मोजा, शेजाऱ्याचा नको.

उपाय महाग नाही. निव्वळ मुदतीचा विमा, ज्याला टर्म म्हणतात, त्यात जिवंत राहिलात तर काही परत मिळत नाही. म्हणूनच धडधाकट तरुणाला वर्षाला काही हजारांत ५० लाखांचा मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हप्त्यावर जीएसटीही नाही. मात्र तंबाखू, बीपी, साखर काहीही लपवू नका. आणि १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या, म्हणजे सावकाराचा हात त्या पैशाला लागत नाही.

असो. रागावली असशील तर रागाव, सूनबाई. पण पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. तुमची येऊन आठ दिवस झालेत. टर्मचा अर्ज आजच भरा. बावीस दिवस उरलेत.