कॅमेरा आमच्याही हाती हवा

डिझाइनचे शिक्षण घेणारे विद्यार्थी कॅमेरा घेऊन कारागिरांच्या दारी येतात. माणूस काम कसे करतो, कुठे अडतो, हे चित्रित करून त्यावरून नवी वस्तू घडवायची, या पद्धतीला 'व्हिडिओ एथ्नोग्राफी' म्हणतात. पद्धतीला आमचा विरोध नाही. प्रश्नावलीत जे उतरत नाही ते हात सांगतात. आमचा सवाल आहे तो चित्रणातून काय गाळले जाते याचा.

कोल्हापूरचेच पाहा. हिरडा व बाभळीच्या सालीत कमावलेले कातडे, रापी, आरी, चामड्याच्या वादीची शिवण हे सारे पडद्यावर छान दिसते. पण कातडे कमावणारा ढोर समाज, चप्पल शिवणारा चर्मकार समाज आणि घरी बसून चामड्याच्या वेण्या घालणारी आमची आयाबहीण त्यात कुठे असते? जातीने लादलेल्या धंद्याला 'परंपरा' म्हटले की शोषणही सुंदर दिसू लागते!

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे तशीच चप्पल कोल्हापूरचा उल्लेख न करता सादर केली. गदारोळ झाल्यावरच तिचे मूळ मान्य केले. चित्रण नेऊन गुण मिळवणारा आणि कारागिराकडे पुन्हा न फिरकणारा विद्यार्थी याहून वेगळे काय करतो?

९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. ज्या समाजाकडे जग केवळ अभ्यासाचा विषय म्हणून पाहत होते, त्यातलाच एक तरुण अभ्यासक म्हणून उभा राहिला. हाच मार्ग आमचा आहे.

म्हणून संस्थांनी नियम करावा. चित्रणापूर्वी कारागिराची संमती घ्यावी, बुडालेल्या वेळेचा मोबदला द्यावा, तयार फिल्म आधी त्याच्या वस्तीत दाखवावी, तो नको म्हणेल तो भाग काढावा आणि प्रकल्पावर त्याचे नाव घालावे.

आणि समाजबांधवांनो, शाहू महाराजांनी १९०२ साली याच करवीर संस्थानात ५० टक्के जागा राखीव ठेवल्या. डिझाइनच्या शिक्षणातही आमची मुले-मुली गेली पाहिजेत. सुभाषनगरातल्या चप्पल कारागिराच्या मुलीने आपल्या आईचे काम चित्रित केले, तर ती नक्षीबरोबर आईची दुखणारी पाठही दाखवील आणि जोडीचा भाव कोण ठरवतो, हेही विचारील.