समुद्राकाठचे घर आणि पेठेतला गाळा

नागोठण्याच्या एका वाचकबंधूंचे पत्र गेल्या महिन्यात आले. पेठेत तीन पिढ्यांचे कापडाचे दुकान, घरात वृद्ध मातोश्री, स्वतःचे वय साठीच्या उंबरठ्यावर. धाकटे चिरंजीव जपानमधील कोबे येथे मोत्यांच्या एका पेढीवर सात वर्षांपासून नोकरीस आहेत. आता त्यांना स्वतःचा व्यवसाय थाटायचा आहे आणि पत्नी व कन्येसह समुद्र दिसेल अशा प्रतिष्ठित वस्तीत घर घ्यायचे आहे. भांडवलासाठी पेठेतला गाळा विकावा, अशी त्यांची सूचना. पत्राच्या शेवटी लिहिले आहे, "विकावा की नाही, एवढेच सांगा." एवढेच सांगून भागत असते, तर हा सारा कागद काळा करण्याचे कारण नव्हते.

परमुलूख आपल्या घराण्यांना नवा नाही. मारवाडातून आणि गुजरातेतून जी कुटुंबे कोकणच्या पेठांत आली, त्यांच्या दृष्टीने नागोठणे हाच परदेश होता. भाषा निराळी, भात-मासळीचा मुलूख, चार महिन्यांचा पाऊस. नागोठणे तेव्हा बंदर होते. धरमतरच्या खाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर पडाव आणि गलबते अंबा नदीने वर येत आणि मुंबईशी देवघेव पाण्यावरून होई. त्या काळी आलेल्या माणसाने आधी गाळा भाड्याने घेतला, मागच्या खोलीत चूल मांडली, गावाकडे पैसे धाडले. बायकामुले पुष्कळ वर्षांनी आली आणि स्वतःचे घर तर त्याहून उशिरा झाले. आधी धंदा, मग चार साधर्मिकांची सोबत व मंदिर, आणि शेवटी घर, असा तो क्रम होता. चिरंजीवांच्या बेतात घर पहिले आले आहे. माझी पहिली शंका तेथेच आहे.

कोबेतही हा क्रम वेगळा नव्हता. ते बंदर १८६८ साली विदेशी व्यापाऱ्यांना खुले झाले. बंदरालगत त्यांच्या पेढ्या आणि मागे डोंगराच्या उतारावर कितानो भागात त्यांची घरे, अशी वस्ती वसली. १९२३ च्या महाभूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाले तेव्हा तेथील अनेक हिंदी व्यापारी कोबेस आले. त्यांचा व्यवहार मुख्यतः रेशमाचा आणि कापडाचा होता. पुढे कोबे ही मोत्यांची मोठी बाजारपेठ झाली. रोक्को पर्वताकडून येणारा उत्तरेचा सौम्य उजेड मोती निवडण्यास उत्तम, असे तेथील जुने जाणकार सांगत आले आहेत. या धंद्यानिमित्त आपली गुजराती व राजस्थानी जैन कुटुंबे तेथे स्थिरावली. त्यांनी कितानोत भगवान महावीरस्वामींचे शुभ्र संगमरवरी मंदिर उभारले ते १९८५ साली. याच कितानोच्या परिसरात १९३५ ची मशीद आहे, ज्यू प्रार्थनागृह आहे, ख्रिस्ती मंदिरे आहेत. परक्या माणसांनी एकमेकांच्या आधाराने राहण्याची ही जागा आहे. समुद्र तेथूनही दिसतो, पण खाली, थोडा दूर.

ऐन पाण्याकाठची श्रीमंती वस्ती पाहायची तर कोबेत रोक्को आयलंड आहे. समुद्रात भर टाकून तयार केलेले हे बेट. रुंद रस्ते, उंच इमारती, विदेशी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची कुटुंबे आणि कॅनेडियन अकॅडमी ही जुनी आंतरराष्ट्रीय शाळा, जी १९९० साली या बेटावर आली. अशा शाळांचे शुल्क वर्षाला वीस लाख येनच्या वर जाते, म्हणजे आपल्या अकरा-बारा लाख रुपयांच्या आसपास. बेटावरून कितानोच्या मंदिरात यायचे तर गाडी बदलून आणि चढ चढून पाऊण तास मोजावा लागतो. हा पाऊण तास नकाशावर किरकोळ वाटेल. डिसेंबरात कोबेचा सूर्य पाच वाजण्याच्या आत मावळतो. ज्याला चौविहार पाळायचा आहे, त्याला साडेचारला जेवून घ्यावे लागते. पेढी, घर आणि मंदिर चालत जाण्याच्या अंतरात असतील तर हे जमते. नसतील तर पहिल्या हिवाळ्यात आठवड्यातून दोन वेळा चुकते, दुसऱ्या हिवाळ्यात चौविहार फक्त पर्युषणापुरता उरतो.

बाहेर खाऊन निभावेल, हेही मनातून काढावे. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी नावाचा रस्सा, आणि तो बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाचा असतो. वरून केवळ भाजी दिसणाऱ्या वाटीतही तो असतो. बौद्ध मठांची शोजिन पद्धत मांस-मासळीच नव्हे तर कांदा-लसूणही वर्ज्य मानते, हे ऐकून आपल्याला आनंद होतो, पण तीत मुळा, बटाटा आणि इतर कंदमुळे मुक्तपणे असतात. म्हणजे घरची चूल हीच खरी सोय, आणि ती चूल पेटवणारी सूनबाई दिवसभर काय करणार, याचा विचार पत्रात कोठेही नाही. पतीच्या आश्रयाने मिळालेल्या व्हिसावर तिला वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंतच काम करता येते. कितानोत तिला चार घरे आपली मिळतील. बेटावरच्या चौदाव्या मजल्यावर समुद्र मिळेल. दोहोंत काय हवे, हे तिलाच विचारावे, आणि सासऱ्यांनी नव्हे तर सासूबाईंनी विचारावे.

आता भांडवलाचा प्रश्न. स्वतःचा व्यवसाय चालवण्यासाठी लागणाऱ्या जपानी व्हिसाला पूर्वी पन्नास लाख येनचे भांडवल पुरे. ऑक्टोबर २०२५ पासून ती रक्कम तीन कोटी येन झाली आहे, म्हणजे आजच्या दराने पावणेदोन कोटी रुपयांच्या घरात. शिवाय तेथील किमान एक पूर्णवेळ नोकर ठेवावा लागतो आणि मालक किंवा नोकर यांपैकी एकास जपानी भाषा चांगली यावी लागते. नोकरीचा व्हिसा सोडून यात उडी घ्यायची आणि धंदा दोन वर्षांत बसला, तर पुढचे नूतनीकरण अवघड होते. घर विकत घेतले तरी त्यात फरक पडत नाही. जपानात परकीयाला जमीन व घर घेता येते, पण घराची मालकी म्हणजे राहण्याचा हक्क नव्हे. भाड्याने घ्यायचे तर अनामत रकमेशिवाय रेइकिन नावाची रक्कम पुष्कळ ठिकाणी द्यावी लागते. घरमालकाचे आभार म्हणून दिलेली ही रक्कम परत मिळत नाही. तरीही आज मी भाड्याच्याच बाजूने आहे.

आणखी एक गोष्ट पत्रात गृहीत धरलेली दिसते, की घर मोठे झाले म्हणजे आईवडीलही तेथे जाऊन राहतील. जपानात कर्त्या मुलाच्या आईवडिलांसाठी कायम वास्तव्याचा सर्वसाधारण व्हिसाच नाही. पाहुणे म्हणून नव्वद दिवस राहता येते, मग परतायचे. मातोश्रींनी श्रावकाच्या बारा व्रतांतील दिशापरिमाण घेतले असेल, तर त्यांच्यापुरता नव्वद दिवसांचाही प्रश्न निकालात निघाला. म्हणजे समुद्राकाठचे ते घर पाहुणचाराचे राहील आणि उरलेल्या दिवसांचे म्हातारपण नागोठण्यातच काढायचे आहे. ज्या गाळ्याच्या उत्पन्नावर ते निघायचे, तोच विकायला काढला आहे.

कराची बाजू तर अनेकांच्या ध्यानीही नसते. आपल्याकडील इस्टेट ड्यूटी १९८५ साली रद्द झाली, त्यामुळे वडिलांची मिळकत मुलाकडे जाताना सरकार वाटा मागत नाही, हे आपण धरून चालतो. जपानात वारसाकर आहे आणि त्याचा सर्वोच्च दर ५५ टक्के आहे. ठरावीक रक्कम वगळली जाते हे खरे. पण तेथे दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेला किंवा कायम वास्तव्याचा परवाना घेतलेला वारस असेल, तर जगात कोठेही मिळालेल्या वारशावर तो कर लागू शकतो. यात नागोठण्याचे घर, मुंबईतील ठेवी, आईचे दागिने सारे आले. चिरंजीवांची सात वर्षे झाली आहेत. उरलेल्या तीन वर्षांत मृत्युपत्र, वाटणी आणि कोणाच्या नावे काय ठेवायचे, हे जपानचे आणि येथले, अशा दोन्ही सनदी लेखापालांसमोर बसून ठरवायला हवे. वाचकबंधूंना हा विषय अशुभ वाटेल. पेढीवरचा हिशेब मांडताना आपण शुभ-अशुभ पाहत नाही, तसाच हा मांडावा.

चिरंजीव अनिवासी झाल्यामुळे त्यांना येथे शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने मिळालेली मात्र ठेवता येते. तेव्हा अंबेकाठी किंवा रोह्याकडे कुटुंबाची थोडी भातजमीन असेल, तर ती एकदा विकल्यावर त्यांना पुन्हा घेता येणार नाही.

गाळ्याकडे येतो. विकलाच, तर नफ्यावर कर आहे आणि घर घेतल्याची जी सवलत मिळते ती भारतातील घराला मिळते, कोबेतील नव्हे. पैसे बाहेर पाठवायचे तर एका निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि अशा कारणासाठी दहा लाख रुपयांवरील रकमेवर बँक वीस टक्के कर आधी कापून घेते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर तेवढे पैसे अडकतात. हे सारे निस्तरता येण्यासारखे आहे. निस्तरता न येणारा प्रश्न वेगळाच आहे. गाळा तीन पिढ्यांचा आहे. तो वडिलोपार्जित असेल आणि एकत्र कुटुंबाच्या नावे चालत असेल, तर २००५ च्या कायद्यानुसार त्यात मुलीचाही मुलाइतकाच हिस्सा आहे, आणि हा कायदा आपल्यालाही लागू आहे. पत्रात थोरल्या चिरंजीवांचा उल्लेख आहे, ते दुकानात बसतात. कन्येविषयी एकच ओळ आहे, ती महाडला दिली आहे. धाकट्याच्या समुद्रासाठी थोरल्याची बैठक आणि बहिणीचा वाटा विकायचा, आणि दोघांना विचारायचे मात्र शेवटी, हे मला योग्य वाटत नाही.

मोत्यांच्या धंद्याविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. मिकिमोतो कोकिची यांनी १८९३ साली शिंपल्यात पहिला अर्धगोल मोती पिकवला. योगायोग असा की त्याच वर्षी महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत अहिंसेविषयी बोलत होते. पिकवलेल्या मोत्यासाठी जिवंत शिंपला उघडून त्यात मणी बसवतात आणि मोती काढताना अकोया जातीचा शिंपला मरतो. श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आहे, म्हणजे प्राण्यांच्या दात, नखे, अस्थी आदी अवयवांचा उगमाच्या जागी जाऊन केलेला व्यापार. मोत्याचा व्यवहार आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि त्याला कोणी बोट लावत नाही, हे मी जाणतो. पण दुसऱ्याच्या पेढीवर मोत्यांची निवड करणे निराळे आणि स्वतःच्या नावे, स्वतःच्या भांडवलाने हंगामाचा माल उचलणे निराळे. मालक होण्यापूर्वी चिरंजीवांनी आपल्या गुरुमहाराजांसमोर हा प्रश्न ठेवावा. रोहा-पेणच्या मार्गावरून विहार करणारे महाराजसाहेब कोबेस जाऊ शकणार नाहीत. तेव्हा विचारायचे ते इकडे आले असतानाच.

कोणी म्हणेल, एवढा विचार केला असता तर आपले पूर्वज मारवाडातून निघालेच नसते. ते निघाले, पण मागचे घर राखून निघाले. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबेत भूकंप झाला. सहा हजार चारशेहून अधिक माणसे गेली, बंदर मोडून पडले, कितानोतील जुन्या विदेशी घरांचेही नुकसान झाले. भर टाकलेल्या बेटांवर जमीन पाण्यासारखी झाली. आपल्यालाही हे अगदीच परके नाही. २४ जुलै १९८९ ला याच अंबेने जांभूळपाड्यात काय केले, ते वाचकबंधूंनी तरुणपणी पाहिले असेल. अशा दिवशी माणसाला उभे राहायला दुसरी एक जागा लागते. कोबेच्या मुलासाठी ती जागा पेठेत आहे.

म्हणून माझे मत असे. गाळा विकू नये. चिरंजीवांनी आणखी दोन-तीन वर्षे नोकरीतच राहून भांडवलाचा मोठा भाग स्वतः उभा करावा, भाषा पक्की करावी, आणि घर मंदिरापासून चालत जाता येईल असे भाड्याने घ्यावे. उरलेली रक्कम वडिलांनी द्यायची ठरवली, तर ती थोरल्याच्या व कन्येच्या संमतीने, लेखी, आणि धाकट्याच्या हिश्श्यात धरून द्यावी. आणि वाचकबंधूंनी येत्या डिसेंबरात एकदा सपत्नीक कोबेस जाऊन यावे. चेरीच्या बहरात सगळेच गाव सुंदर दिसते, म्हणून वसंतात जाऊ नये. सायंकाळी साडेचारला सुनेच्या स्वयंपाकघरात बसून पाहावे. मात्र त्या अवधीत मातोश्रींजवळ कोण राहणार, हे तिकिटे काढण्याआधी ठरवावे लागेल. कन्येला महाडहून बोलावणार असाल, तर गाळ्याची गोष्ट तिच्याशी त्याआधीच बोलून घ्या.