मानेची गाठ आणि सोनोग्राफीची विद्या

खानदेशात सोनोग्राफीचे नाव निघाले की प्रथम गर्भवतीची तपासणी आठवते आणि तिच्या पाठोपाठ कायदा आठवतो. आणि ते रास्तच आहे, कारण महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम गर्भलिंगनिदानास प्रतिबंध केला, १९९४ साली केंद्रानेही तसा कायदा केला, आणि तरीही २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या साडेआठशेंच्याही खाली भरली. ज्या मुलखाच्या माथी हा कलंक आहे तेथे यंत्रांची नोंदणी आणि त्यांचे दप्तर यांत तसूभरही ढिलाई होता कामा नये. मात्र याच यंत्राच्या साहाय्याने मान तपासण्याची जी स्वतंत्र विद्या आहे ती या धाकात उपेक्षित राहू नये, आणि कान-नाक-घसा शस्त्रक्रियेचे शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांना ती रीतसर शिकवली जावी, असे माझे निश्चित मत आहे.

रोग्याच्या खांद्याखाली उशी देऊन मान किंचित मागे झुकवावी, जेल लावून उच्च कंपनसंख्येचा सपाट प्रोब अलगद टेकवावा, म्हणजे श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना थायरॉईड ग्रंथीचे करडे पंख दिसू लागतात. त्यांच्या बाहेरच्या अंगाला वाटोळी धमनी ठोके देत असते आणि तिच्या शेजारची नीला हाताच्या हलक्या दाबानेही मिटून जाते. निरोगी लसिकाग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट असते, तर कर्करोगाने ग्रासलेली बहुधा गोल होते आणि तिच्या मध्यभागाची उजळ रेषा लोपते. गाठीतील पेशी काढण्यासाठी घातलेल्या सुईचे टोक नेमके कोठे पोहोचले, हेही त्याच पडद्यावर दिसते. पुस्तकातील चित्रांवरून हे ज्ञान येत नाही. अनुभवी गुरूच्या देखरेखीखाली शेकडो माना तपासल्यावर ते बोटांत उतरते, आणि उद्या ज्या हाताने त्याच मानेत शस्त्र चालवावयाचे आहे त्या हाताला ते अवगत असणे रोग्याच्या हिताचे आहे.

चोपडा, यावल, शिरपूर, साक्री या तालुक्यांतून मजुरी बुडवून आणि एसटीचे भाडे खर्चून आलेल्या रोग्याला हे हित अधिकच जाणवेल. २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखू सुटलेली नाही, आणि तोंडाचा कर्करोग पसरू लागला की बहुधा प्रथम मानेतील ग्रंथींत उतरतो. सोनोग्राफीसाठी पुढची तारीख मिळालेला असा रोगी गावी परततो, आणि तो त्या तारखेला पुन्हा येईलच याची शाश्वती कोण देणार?

गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या केंद्रीय कायद्याखालील २०१४ च्या नियमांनी एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचे, तीनशे तासांचे प्रशिक्षण ठरवून दिले. परंतु ते पोट आणि ओटीपोट यांच्या सोनोग्राफीचे आहे. मानेच्या तपासणीसाठी वेगळा अभ्यासक्रम आखावयास हवा. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ साली सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी याबाबत शासनाकडे प्रस्ताव पाठवावा. यंत्र समुचित प्राधिकाऱ्याकडे नोंदलेले असावे, त्याला केवळ मानेच्या तपासणीचा प्रोब जोडलेला असावा, प्रत्येक तपासणी दप्तरी दाखल व्हावी आणि क्ष-किरण विभागातील अध्यापकाने समोर उभे राहून शिकवावे. हवा आणि हाड यांच्या पलीकडचे या यंत्राला दिसत नाही, त्यामुळे घशामागच्या खोल गाठींसाठी सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागणारच; अंतिम अहवालाचा अधिकारही क्ष-किरणतज्ज्ञांकडेच राहावा. आपल्या विद्येत कोणी वाटेकरी होतो आहे असे त्यांनी मानू नये.

दोन्ही महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की त्यांनी आपल्या कान-नाक-घसा आणि क्ष-किरण विभागप्रमुखांना एकत्र बसवून हा प्रस्ताव याच शैक्षणिक वर्षात मंत्रालयाकडे रवाना करावा.